सगळ्याला चालेल अशी एक

बंदुकांचा दुकानदार हेक्टरने तिसरी रायफल काउंटरवर ठेवली आणि हात झटकले.

“आता याच्या पुढचं गोळीचं माप नाही माझ्याकडे. ही २४३, गोळी बारीक, खांद्याला धक्का बसत नाही, पण वाऱ्यात मोठ्या हरणावर तिचा भरवसा नाही. ही साडेसहा, मधलीच. आणि ही ३०८. लाथ मारते जरा, पण चिमुकल्या रो हरणापासून थोराड शिंगाळ्यापर्यंत काहीही पाड, आणि काडतुसं कुठल्याही दुकानात मिळतात. सगळ्याला चालेल अशी एक हवी ना तुला? मग घे की लेका! बायको निवडताना तरी एवढा वेळ लावला नव्हतास.”

फिनले हसला नाही. त्याने २४३ उचलली, खांद्याला लावली, खाली ठेवली. मग साडेसहा उचलली. मागच्या शनिवारी त्याने हेच केलं होतं, त्याच्या आदल्या शनिवारीही. दोन्ही वेळा नवरा-बायको इन्व्हरनेसच्या या दुकानातून रिकाम्या हातांनी परत गेले होते.

इशबेल शेगडीजवळच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. पन्नास मैल गाडीतून येताना नवरा तिच्याशी चार शब्दही बोलला नव्हता. बावीस वर्षं जमीनदाराच्या इस्टेटीच्या डोंगरावर, कळप आटोक्यात राहावेत म्हणून, हरणं पाडण्याचं काम केलेला माणूस. कोणता नर पाडायचा आणि कोणता सोडायचा हे दुर्बिणीतून एका श्वासात ठरवायचा. त्याला आता तीन नळ्यांतून एक निवडता येत नव्हती. आणि ती मनातून म्हणत होती, नकोच निवडू. आजही नको.

नळी झिजली म्हणून त्याने जुनी रायफल इथे आणून दिली, त्याला तीन आठवडे झाले होते. घरातलं बंदुकीचं लोखंडी कपाट तेव्हापासून रिकामं होतं, आणि तेव्हापासून तिला झोप लागत होती.

ऑगस्टमध्ये त्याने आपली कुत्री चुलतभावाला देऊन टाकली. का, ते सांगितलं नाही. ताटातलं अन्न तसंच राहायचं. संध्याकाळी गाडी दारात लावून तासभर आतच बसायचा. एकदा भांडी पुसता पुसता त्याने सहज विचारावं तसं विचारलं, “मी नसलो तर तू ओबनला बहिणीकडे जाशील ना?” आणि उत्तराची वाट न पाहता पुढची बशी उचलली. 

पण सांगायचं कुणाला? डॉक्टरला सांगावं, तर डॉक्टर पोलिसांना कळवणार आणि पोलीस बंदुकीचा परवाना काढून घेणार. परवाना नाही म्हणजे नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणजे इस्टेटीचं घर नाही. त्याच घरात फिनलेचा जन्म झाला होता, त्याच्या बापाचाही. बोलावं तर त्याचं उरलंसुरलं सगळं आपल्याच तोंडाने काढून घ्यायचं. न बोलावं तर काय, हा विचार ती कधी पुरा करत नसे. इकडे आड, तिकडे विहीर. तिने तोंडाला कुलूप घातलं होतं आणि त्याची तिला लाज वाटत होती.

“सोमवारी माद्या पाडायचा मोसम सुरू होतोय,” हेक्टर म्हणाला. “तुमच्या इस्टेटीच्या मॅनेजरचा सकाळीच फोन आला होता. सव्वाशे पाडायच्यात म्हणे. काहीही कर, पण आज त्याला रायफल देऊनच पाठव, म्हणाला.”

फिनले एकदम इशबेलकडे वळला.

“तुला काय वाटतं?”

बावीस वर्षांत त्याने तिला रायफलीतलं काही विचारलं नव्हतं.

“मला काय कळतंय त्यातलं,” ती म्हणाली.

तो तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला.

“बरं,” तो म्हणाला. “३०८ दे.”

“सुटलो बाबा एकदाचा!” हेक्टरने चष्मा लावला. “आण परवाना.”

परवाना फिनलेच्या वरच्याच खिशात होता, तरी तो आधी बाकीचे सगळे खिसे चाचपत बसला. शेवटी त्याने कागद काउंटरवर ठेवला. हेक्टरने तो सरळ केला, पेनाचं टोपण काढलं आणि रायफलीवरचा नंबर वाचायला वाकला. नंबर एकदा परवान्यावर चढला की रायफल फिनलेची.

आपण उठलो कधी हे इशबेलला कळलंच नाही. पर्स खाली पडली होती आणि तिचा हात परवान्यावर होता.

“हेक्टर, त्याला बंदूक देऊ नका.”

“काय झालं गं पोरी?”

“तो बरा नाहीये. ऑगस्टपासून बरा नाहीये. घर गेलं तर जाऊ दे, पण त्याला बंदूक देऊ नका.”

हेक्टरने पेनाला टोपण लावलं. त्याने तिन्ही रायफली एकेक करून मागच्या खोलीत नेल्या.

नवऱ्याकडे बघायची तिची हिंमत होईना. आता तो ओरडेल, दार आपटून निघून जाईल, परत कधी तोंड दाखवणार नाही. असं काहीही झालं नाही. स्टूल करकरलं. ती वळली तेव्हा फिनले तिच्या जागी बसला होता, टोपी हातात घेऊन, आणि त्याचे खांदे हलत होते.

“जुन्या रायफलीला काही झालं नव्हतं, इशबेल,” तो म्हणाला. “घरात नको म्हणून इथे आणून टाकली. आणि तेव्हापासून, तू कधी बोलतेस म्हणून तुझ्या तोंडाकडे बघतोय.”