त्यागमूर्ती यमुताई

"वात्सल्याचा झरा, मायेचा सागर, त्यागमूर्ती यमुताई," निवेदक थांबायचं नाव घेत नव्हता. प्रताप नगरातलं सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. मंचावर बसलेल्या यमुताईंच्या मागे त्यांचाच भलामोठा फोटो होता आणि त्याखाली 'त्यागमूर्ती' हा शब्द त्यांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. पंच्याहत्तरी त्यांची, पण सोहळा मुलाने, विक्रमने ठरवलेला.

निवेदक त्यागाचे दाखले देऊ लागला. संसारासाठी कॉलेज सोडलं. दिराच्या दुकानासाठी पाटल्या दिल्या.

यमुताई ऐकत होत्या. कॉलेज त्यांनी सोडलं नव्हतं, सासऱ्यांनी पुस्तकं रद्दीत घातली होती. पाटल्या कुणी मागितल्याच नव्हत्या, कपाट उघडून नेल्या होत्या. दरवेळी मागाहून तोंड भरून कौतुक झालं होतं, आणि त्या कौतुकापायी त्या गप्प बसत आल्या होत्या.

मग विक्रमने माइक घेतला. "आज आई आणखी एक त्याग करते आहे. माझ्या नव्या शोरूमसाठी काटोलची संत्र्याची बाग विकायला ती तयार झाली आहे."

यमुताईंना हे पाहुण्यांबरोबरच कळलं. बाग त्यांच्या वडिलांनी त्यांना दिलेली. अजूनही बहर धरला की त्या एसटीत बसून निघायच्या आणि चार दिवस तिथेच राहायच्या.

विक्रम पाया पडायला वाकला आणि हळूच म्हणाला, "आई, सगळे पाहून राहिले. फक्त हो म्हण."

यमुताईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्याच्या हातातला माइक काढून घेतला.

"मले काहून नाही विचारलं गा, विक्रम?"

विक्रम कसनुसा हसला. "तुला काय विचारायचं, आई? तू कुणाला कधी नाही म्हटलंस? उगाच का तुला त्यागमूर्ती म्हणतात?"

यमुताईंनी मागे वळून ती मोठाली अक्षरं नीट वाचली. मग लोकांकडे तोंड केलं.

"हे नाव तुम्ही लावलेलं हाये. त्या त्यागमूर्तीपाशी जे असन ते खुशाल घेऊन जा. बाग यमुनेच्या नावावर हाये, अन् यमुना नाही म्हणते."