पाच शिक्के

पत्रावर पाचही शिक्के उमटले होते. लाल, गोल, एका रेषेत. कार्यालयातल्या ओगावा-सानने ते दोन्ही हातांनी दमयंतीपुढे धरलं आणि कमरेत वाकून म्हणाली, "फार उशीर झाला. क्षमा करा."

शुक्रवार, दुपारचे तीन, प्रवासाआधीची शेवटची बैठक. विमान रविवारी. व्हिएन्नाच्या व्हिसासाठी संस्थेचं हमीपत्र लागतं आणि ते दिल्यावर दहा दिवस जातात, हे दमयंतीने एप्रिलपासून तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा उत्तर मिळालं होतं, "हो हो, बघतो." मग पत्र टेबलाटेबलांवरून फिरायला निघालं. एक साहेब रजेवर गेले. दुसऱ्यांचा हांको, म्हणजे नावाचा शिक्का, कपाटात कुलूपबंद होता. तिसऱ्यांना तारीख इंग्रजी पद्धतीने लिहिलेली नको होती. त्सुकुबाच्या त्या प्रयोगशाळेतून परिषदेला जाणारे बाकीचे पाचही जण जपानी, त्यांना व्हिसा लागतच नव्हता. त्यामुळे घाई कोणालाच नव्हती. आता वरातीमागून घोडं आलं होतं, तेही छान सजून.

"यात कोणाचीच चूक नाही," प्रयोगशाळेचे प्रमुख तनाबे-सेन्सेई म्हणाले.

दमयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणाचीच चूक नाही, मग विमानातली तिची खुर्ची काय आपोआप रिकामी झाली? दोन वर्षं तिने खाऱ्या पाण्यात भाताची रोपं वाढवली होती. रोज सकाळी एकेक मूळ पट्टीने मोजलं होतं. परिषदेच्या छापील कार्यक्रमात मंगळवारी साडेदहाला तिचं नाव होतं.

"तुमचा पेपर हिरोसे-सान वाचतील," सेन्सेई पुढे म्हणाले. "शेवटी काम प्रयोगशाळेचंच आहे."

आयजीच्या जिवावर बायजी उदार! हिरोसे मातीतले जंतू बघायचा. भाताचं मूळ त्याने जन्मात मोजलं नव्हतं. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला, पण नाही मात्र म्हणाला नाही.

"आणि आता शिओरी समजावून सांगा ना, दमयंती-सान."

शिओरी म्हणजे प्रवासाची पुस्तिका. इथे शाळेतल्या पोरांपासून प्रोफेसरांपर्यंत चार माणसं मिळून कुठे निघाली की ती हवीच, आणि ती करायचं काम सगळ्यांत नव्या माणसाचं. दमयंतीने तीन रविवार ग्रंथालयात नकाशे पालथे घालून ती केली होती. विमानतळावर बस कुठे मिळते, भुयारी रेल्वे कुठे बदलायची, परिषदेच्या दाराशी जाणारी ट्राम रस्त्याच्या कुठल्या बाजूला थांबते. चौदा पानं, बाणांसकट. ज्या शहरात ती कधी गेली नव्हती आणि आता जाणारही नव्हती, तिथला कोपरान् कोपरा तिला पाठ होता.

शेजारी उदय बसला होता. तो पुण्याचा, याच प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होता. तो हळूच मराठीत म्हणाला, "जाऊ दे ना. इथे चिडून काही होत नाही. मस्त स्माईल दे, प्रोफेसर खूश होतील, नेक्स्ट इयर पाठवतील."

"तुझं प्रेझेंटेशन असतं तर दिली असतीस स्माईल?"

उदय पुस्तिकेची पानं चाळू लागला.

ती उठून फळ्यापाशी गेली. सगळ्यांना शहराच्या भलत्याच टोकाला पाठवावं, असं क्षणभर मनात येऊन गेलं. पण चुकीचं सांगायला जीभ वळेना, आणि त्याचाही तिला रागच आला.

"पान चार. तिथल्या स्टेशनांत फाटकं नसतात. कोणी अडवत नाही म्हणून तसेच आत जाऊ नका. वाटेत एक निळी पेटी असते, तिच्यात तिकीट घालून शिक्का उमटवायचा. शिक्का नसला तर विनातिकीट धरतात." ती थांबली. "घाबरू नका. तिथे शिक्का एका सेकंदात मिळतो."

ओगावा-सानने मान खाली घातली. बाकीच्यांनी पान चारवर पेन्सिलीने खूण केली.

माहिती संपल्यावर हिरोसे पडद्यावर दाखवायच्या तिच्या पारदर्शिकांचं पाकीट घ्यायला आला.

"तुम्ही लिहिलंय तसंच वाचेन. शब्दसुद्धा बदलणार नाही."

"आणि कोणी प्रश्न विचारले तर?"

"म्हणेन, नंतर कळवू."

नंतर कळवू! दोन वर्षं ती कशाची वाट पाहत होती? टाळ्यांची नाही. एवढ्या लांबच्या कोणीतरी उठून उभं राहावं, हे असं का, म्हणून विचारावं, आणि तिने तिथल्या तिथे उत्तर द्यावं, याची. पाकीट तिने दिलं, पण बोटं सुटायला वेळ लागला.

तनाबे-सेन्सेईंनी समाधानाने पुस्तिका मिटली. "किती मेहनत घेतलीत, दमयंती-सान. हिच्याशिवाय आम्ही हरवलोच असतो. तुमच्यासाठी काय आणू या? तिथली चॉकलेटं फार छान असतात म्हणे."

"प्रश्न आणा," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या पेपरवर लोक जे जे विचारतील ते. सगळे. विचारणाऱ्याच्या नावासकट, पत्त्यासकट. आणि त्यांना तिथेच सांगा, उत्तर देणारी बाई जिवंत आहे, तिला तुम्ही मागे ठेवून आलात!"

त्या खोलीत इतक्या मोठ्याने आजवर कोणी बोललं नव्हतं. सेन्सेई हसावं की नाही अशा बेताने थोडेसे हसले.

हिरोसे हसला नाही. त्याने खिशातून वही काढली. आणायच्या भेटींची यादी त्यात आधीच होती. आईला रुमाल, शेजाऱ्यांना साबण, कार्यालयाला चॉकलेटचे चार डबे. त्याखाली त्याने नीट अक्षरात लिहून घेतलं: दमयंती-सान, प्रश्न.