कडी काढा

दंगलीनंतर कितीतरी वर्षांनी नर्सबाई जुनी खोली रिकामी करायला आल्या, त्याही ड्युटी उरकून. रागावायलाही अंगात जोर लागतो, आणि तो आता उरला नव्हता. तरी समोरचं दार त्यांना बघायचं नव्हतं. जमाव जिना चढत असताना त्यांनी हेच दार दोन्ही हातांनी बडवलं होतं. “वहिनी, कडी काढा!” आत कुजबुज ऐकू येत होती, पण कडी काही निघाली नाही. नवरा तिथेच, जिन्यात गेला.

आज ते दार नुसतं लोटलेलं होतं. शेजारीण बाहेर आली. केस पार पिकलेले. “पाणी तरी पी,” म्हणाली.

पेला घेताना बाईंचं लक्ष दाराच्या आतल्या बाजूला गेलं. तिथे स्क्रूची चार भोकं होती, आणि शेजारी रात्री दाराला टेकवायची खुर्ची.

“कडी कुठंय, वहिनी?”

“तूच म्हणालीस ना, काढा म्हणून? काढली गं. पण दुसऱ्या दिवशी.”

बाईंनी पाणी संपवलं, उंबरा ओलांडला आणि त्या खुर्चीवर टेकल्या.

“उद्या सुताराला बोलवा,” त्या म्हणाल्या. “कडी बसवून घ्या. मी आलेय आत.”