चहातला तरंग

वाफेचं इंजिन सुटलं की ऑड्रीच्या काउंटरवरच्या चहात ठोक्यागणिक एक संथ तरंग उठायचा, आणि डिझेलचं सुटलं की सारखी बारीक थरथर. यॉर्कशरमधल्या, हौशी मंडळींनी चालवलेल्या त्या जुन्या रेल्वेच्या स्टेशनात ती सात वर्षं चहा विकत होती. वाफवाला सेड्रिक आणि डिझेलवाला नेव्हिल सात वर्षं तिला लग्नाचं विचारत होते, आणि ती दर वेळी म्हणायची, "हंगाम संपला की सांगते."

"वाफेच्या इंजिनात जीव असतो गं ऑड्री," सेड्रिक म्हणाला.

"तापायला चार तास लागतात तुझ्या जिवाला!" नेव्हिल खेकसला. "माझं बटण दाबलं की चालू."

"आणि मग दिवसभर नुसती घरघर. तुझ्या घोरण्यासारखी!"

आज मात्र कपातला चहा अगदी स्थिर होता. दोन्ही इंजिनं जूनपासून शेडमध्ये दुरुस्तीला पडली होती. बाहेर प्रवासी रेल्वेऐवजी सोडलेल्या बदली बसमध्ये चढत होते. बसचा ड्रायव्हर राल्फ आत आला, आपला कप रोजच्यासारखा विसळून जागेवर ठेवला आणि घड्याळ बघून निघाला.

"हंगाम संपला, ऑड्री," दोघं एकदमच म्हणाले. "आता सांगून टाक. कोणाशी?"

ऑड्रीने एप्रन काढून खुंटीला अडकवला.



"राल्फशी. त्याची गाडी रोज सुटते."