विक्रमी वसुली

मोठे साहेब मुख्य कार्यालयातून खास गुच्छ घेऊन आले होते. मॅनेजरबाईंनी तो घेतला, हसल्या, फोटोला उभ्या राहिल्या. आपण असं काय केलं, हे मात्र त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

खात्यात ठरलेल्या रकमेपेक्षा कमी पैसे राहिले की बँक आकार कापायची. कापल्याचा मेसेज पाठवायची आणि त्या मेसेजचेही पैसे कापायची. ज्याच्याकडे भरपूर, त्याला सगळं फुकट. ज्याच्याकडे कमी, त्याच्याकडून वसुली. इतका सुटसुटीत कारभार. साहेब याला ‘ग्राहकाला बचतीची शिस्त लावणं’ म्हणत. गेल्या तिमाहीत या शाखेनं एवढी शिस्त लावली होती की सगळ्या विभागात तिचा पहिला नंबर आला होता.

त्याआधी हीच शाखा तळाला होती. साहेबांनी तेव्हा फोनवर मॅनेजरबाईंना चांगलंच फैलावर घेतलं होतं. “मॅडम, तुमच्याकडे सगळ्यांच्याच खात्यात पुरेसे पैसे कसे? असं चालायचं नाही. आकाराचा आकडा वाढला नाही, तर बदलीची तयारी ठेवा.”

बदलीचं गाव दिवसभराच्या प्रवासावर होतं. घरी आई एकटी. तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलेलं, दुसऱ्यानं जेमतेम दिसायचं. उभा जन्म शिवणक्लास चालवलेली बाई आता सुईत दोराही चाचपडत ओवायची. नव्या गावी, परक्या घरात तिला न्यायचं तर पावलापावलाला धडपडेल. ठेवून जायचं तर डोळ्यांत औषध कोण घालणार?

त्या संध्याकाळी औषध घालता घालता मॅनेजरबाईंचाच बांध फुटला. आईनं सगळं ऐकून घेतलं.

“पण लोक स्वतःचेच पैसे ठेवतात ना तुमच्याकडे? मग वर त्यांनीच पैसे का द्यायचे?”

“सांभाळायचे गं. दिवे, एसी, कॉम्प्युटर, वॉचमन. खर्च असतोच.”

“म्हणजे ज्याचे जास्त, त्याला सांभाळणावळ जास्त.”

“नाही आई. ज्याचे कमी, त्यालाच.”

आईचे डोळे मिटलेलेच होते. औषध आत मुरेपर्यंत ते उघडायचे नसत. “कमी ठेवले की तुमची बँक खूश होते?” तिनं विचारलं.

“तसंच समज,” लेक नाक पुसत म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

आणि आता हा गुच्छ.

केबिनमध्ये साहेब खुर्ची पुढे ओढून बसले. “सांगा तरी, काय जादू केलीत? बाकीच्या शाखांनाही कळवतो.”

“साहेब, खरं सांगू? मी काहीच केलं नाही. बायकांच्या खात्यांतली शिल्लक एकाएकी खाली गेली. शाळांच्या प्रवेशाचे दिवस होते, म्हटलं त्यासाठी काढत असतील. पण त्यामुळे आपल्या ठेवी...” त्यांनी ठेवींच्या आकड्यांचा कागद पुढे केला.

“ठेवींचं नंतर बघू. आज आनंदाचा दिवस आहे!”

तेवढ्यात दार उघडलं. लेकीचा सत्कार आहे म्हणून कॅशियरनं फोन करून आईला बोलावून घेतलं होतं. पार्लरवालीचा हात धरून आई आत आली. मागून डबेवाल्या मावशी, बालवाडीच्या बाई, आणखी चार-पाच जणी. सगळ्या कधीतरी तिच्याकडे शिवण शिकलेल्या. तशी निम्मी वस्ती तिच्याकडेच शिकली होती म्हणा.

साहेब अदबीनं उठले. “या, या! तुमची मुलगी फार हुशार आहे बरं का.”

“हुशार आहेच,” आई आवाजाच्या दिशेनं बघत म्हणाली. “पण तिचं एकटीचं काम नव्हतं ते, साहेब. मी या सगळ्यांना सांगितलं, पोरीची बदली होतेय, मदत करा. मग दारोदार फिरल्या बिचाऱ्या. सगळ्यांनी आपापल्या खात्यातले पैसे काढून घेतले. नावापुरते तेवढे ठेवलेत, तुम्हाला कापता यावेत म्हणून.”

मॅनेजरबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. पार्लरवाली त्यांच्याकडे बघून हसली. “मॅडम, तुम्ही इथंच राहायला हव्यात. शिवणाच्या बाईंनी आम्हाला पायावर उभं केलंय. कापले थोडे, तर कापले.”

या बायकांना मॅनेजरबाईंनी याच केबिनमध्ये बसवून आकाराचे नियम समजावले होते, तेही न अडखळता.

साहेब मात्र भारावले होते. “याला म्हणतात ग्राहकांचं प्रेम!” मग त्यांना जबाबदारीची जाणीव झाली. “पण एवढे पैसे घरात ठेवणं बरं नव्हे हं. चोऱ्यामाऱ्या होतात.”

“घरात कशाला ठेवू?” आई म्हणाली. “रस्त्यापलीकडच्या बँकेत ठेवलेत. ते काहीच कापत नाहीत. वर व्याजही जास्त देतात. आमच्या महिला मंडळाचेही तिथंच नेले, आणि पार्लरवालीच्या नवऱ्याच्या कारखान्याचेही.”

साहेबांनी मॅनेजरबाईंकडे पाहिलं. त्यांनी मघाचा ठेवींचा कागद पुन्हा पुढे सरकवला. साहेबांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि मटकन खुर्चीत बसले.

खोलीत कुणीच बोलेना. आईला त्या शांततेचा एकच अर्थ लागला.

“अजून कमी पडतंय का, साहेब?” ती काळजीनं म्हणाली. “मग मागच्या गल्लीतल्या बायकांनाही सांगते पैसे काढायला. तुम्ही फक्त हिची बदली करू नका.”