मुशीचं तेल

विलायतेला परतणाऱ्या साहेबाकडून घेतलेला बागकामाचा मोडका ट्रॅक्टर केळकर वकिलांनी दोन वर्षं अंगणात सुटा केला, घासला, जोडला. आज चालला नाही तर भंगारात, असा बायकोचा निकाल होता. थळच्या बुधाजी कोळ्याने इंजिनावर तेलाचा हात फिरवून हँडल मारलं, आणि धूड चक्क धडधडलं. वकिलांचे डोळे भरून येणार, तोच तापल्या लोखंडावरून असा वास उठला, की तुळशीपाशी मांजरं जमली. “काय फासलंस रे?” “दर्यावरच्या होरीला लावताव तेच, वकीलसायेब. मुशीचं तेल! आता गंज धरनार न्हाय.” वकिलांच्या सात पिढ्यांत कुणी मासळीला शिवलं नव्हतं. “अहो, आत्ताच्या आत्ता बाहेर काढा ते!” नाकाला पदर लावून बायको ओरडली. हो म्हणायला वकिलांनी तोंड उघडलं, तर तोंडाला पाणी सुटलेलं. ते गिळताना त्यांना स्वतःचीच किळस आली.