पाना पूजेत होता

दिव्यश्रीच्या प्रश्नाला कुणीच उत्तर दिलं नाही.

ती शेडच्या दारात पितळी ताट घेऊन उभी होती. ताटात चंदन, कुंकू, चुरमुरे, लिंबं. गाडीच्या एका बाजूला तिचे वडील रघोजी, दुसऱ्या बाजूला आई वसुमती. मधे दोन आसनांची, उघड्या टपाची जुनी विलायती गाडी. 

"मी एवढंच विचारलं," दिव्यश्री म्हणाली, "की यंदा अवजारं पूजेत ठेवायची का. नसतील ठेवायची, तर माझा लॅपटॉप एकटाच बसेल सरस्वतीपुढं. त्याला सवय झालीय."

"ठेवायची," वसुमती म्हणाली. "मी ठेवणार. माझ्या हातानं."

रघोजींनी मान वर केली.

सात वर्षांत वसुमतीनं देवापुढं काही मांडलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी नवमीला, आयुधपूजेच्या सकाळी, रघोजी मागच्या चाकापाशी काम करत बसले होते. मुहूर्त टळेल म्हणून तिनं अवजारांच्या पेटीतले सगळे पाने उचलले, त्यांना चंदन लावलं आणि देवघरात मांडले. एकदा मांडलेली आयुधं विजयादशमी उजाडेपर्यंत कुणी हलवत नाही. राजवाड्यामागच्या त्यांच्या गल्लीत तर कुणाच्या मनातही येत नाही. संध्याकाळी चाकांखाली लिंबं चिरडून गाडी पापनाशम गावाकडे निघाली. रघोजी चालवत होते, शेजारी त्यांचा मुलगा प्रणवेश बसला होता. पापनाशमच्या अलीकडे गाडी कालव्यात गेली. रघोजी वर आले. प्रणवेश आला नाही.

इस्पितळात रघोजी एकच वाक्य बोलले होते. "ब्रेकच्या नळीचा नट हातानंच आवळलेला राहिला, पाना पूजेत होता."

ते वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही. त्याची गरज उरली नाही. वसुमती ते रोज उच्चारत होती: तांदूळ निवडताना, फळ्यावर समीकरण मांडताना, झोपेच्या काठावर.

कालव्यातून काढलेली गाडी तिनं भंगारात जाऊ दिली नाही. ती पुन्हा उभी करायची, पापनाशमला पोचेल अशी झाली की मगच देवापुढं हात जोडायचे, असं तिनं ठरवलं. त्याआधी जोडलेले हात आपले नसतील, असं तिला वाटे. शाळा सुटली की गणिताच्या या बाई ओचा खोचून शेडमध्ये शिरत. गंजलेला पत्रा कापणं, कार्ब्युरेटर उकलणं, वायरींचा गुंता सोडवणं. रघोजी शिकवत गेले, ती शिकत गेली. चेन्नईच्या जुन्या बाजारातून एकेक सुटा भाग येई. कधी तो बसत नसे, आणि पुन्हा पावसाळाभर वाट पाहणं येई. तिच्या नखांतलं काळं ग्रीस निघेनासं झालं. वर्गातल्या मुली कुजबुजत. तिला ते काळं बरं वाटे. आतलं काहीतरी निदान बाहेर दिसत होतं.

फक्त त्या मागच्या चाकाकडे रघोजींनी तिला कधी जाऊ दिलं नाही. "तिथं नको, वसू. ते माझ्याकडे." त्या एका जागेपासून ते आपल्याला वाचवताहेत, हे तिला कळत होतं. एवढ्या मोठ्या दयेखाली जगणं तिला शिक्षेहून जड जाई.

"पूजेआधी एक काम राहिलंय," ती आता म्हणाली. "तो नट मी आवळणार."

"झालंय ते. मी केव्हाच केलं."

"असू दे. माझ्यामुळं ज्याला पाना लागला नाही, त्याला एकदा माझ्या हातानं लागू दे."

"नक्को, वसू. पाठ धरेल तुझी."

"धरू दे."

"अप्पा, करू दे की तिला," दिव्यश्री म्हणाली. "या गाडीचे जेवढे लाड झाले तेवढे माझेही झाले नाहीत. मी कधी आडवी आले का?"

 वसुमतीनं टॉर्च आणि पाना घेतला आणि ती गाडीखाली सरकली.

खाली ओल्या लोखंडाचा वास होता. तिनं नळी बोटांनी चाचपली, नट सापडला. पाना बसवला, डोळे मिटले, मुलाचं नाव मनात घेतलं आणि जोर लावला. नट हलला नाही. पुन्हा लावला. दगडात दगड रुतावा तसा तो होता. तिनं टॉर्च लावला आणि रॉकेलच्या फडक्यानं चिखलाची जुनी खपली पुसली.

खाली तांबडा रंग होता. प्रणवेशचा, त्या आयुधपूजेच्या आधीच्या आठवड्यात त्यानं लावलेला. बाकी सगळी चौकट त्यांनी खरवडून नव्यानं रंगवली होती. इथं मात्र त्याचा घाईचा ब्रश जसाच्या तसा होता. नळी, नट, जोड, काही न पाहता त्यानं एका ओढीत सगळ्यावरून रंग फासला होता. ब्रशच्या केसांच्या रेघा नटावरून जोडावर सलग गेल्या होत्या. कुठं चीर नव्हती. नट जरासा जरी फिरला तरी जोडावरचा रंग आधी फुटतो, हे तिला रघोजींनीच शिकवलं होतं.

ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या केसांत माती होती. तिनं पाना जमिनीवर ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "हा नट कधी कुणी सोडलाच नव्हता. ब्रेक धड होता. मग त्या संध्याकाळी गाडी कालव्यात कशी गेली?"

रघोजींनी हातातलं फडकं नीट घडी करून बॉनेटवर ठेवलं. मुलीच्या बाजूनं वाट काढत ते दाराशी गेले, चपला पायांत सरकवल्या आणि गल्लीत उतरून चालू लागले.